कॅप्टनसाहेबांचा गुडघा

हॉलीब्रूकच्या गोल्फ क्लबात एक गंमत होती. ज्यांनी जन्मात गवताचं एक पातं लावलं नव्हतं ते गवतावर तासन्‌तास बोलायचे, आणि ज्याने एकतीस वर्षं गवताखेरीज दुसरं काही केलं नव्हतं तो क्लेम गिटिन्स टोपी हातात धरून ऐकायचा. ऐकून झालं की टोपी डोक्यावर घालायचा आणि स्वतःला हवं तेच करायचा. एवढ्यावरच ते मैदान टिकलं होतं.

मैदान इंग्लंडच्या श्रॉपशरात, वेल्सच्या डोंगरांच्या उताराला. डोंगरावरून थंडी उतरायची ती कुणाला विचारून उतरत नव्हती, तरी दर जानेवारीत सभासद क्लेमलाच विचारायचे, "यंदा इतकी थंडी कशी रे?" जणू हा ती घरून पिशवीत घालून आणतो.

काम बघणाऱ्याला सोपं. उजाडताना लांब लवचीक काठी घेऊन अठराच्या अठरा ग्रीनवरचं दव झाडायचं. ग्रीन म्हणजे खळीभोवतीचं ते गालिच्यासारखं कातरलेलं गवत, ज्यावर सगळ्यांचा जीव आणि सगळ्यांची अब्रू. मग कालची खळी बुजवून आज दुसरीकडे पाडायची, बुजवायची ती अशी की जागा दाखवा म्हटलं तर दाखवता येऊ नये. पानगळीच्या दिवसांत ग्रीनला हजारो भोकं पाडून त्यांत वाळू भरायची, म्हणजे मुळं श्वास घेतात. तेव्हा सभासद ऊर बडवायचे. "चांगल्या गवताची चाळण केली या माणसाने!" मे महिन्यात तेच गवत मखमलीसारखं झालं की म्हणायचे, "यंदा हवा चांगली होती." हवेला शाबासकी आणि चाळणीचा दोष क्लेमला, अशी वाटणी ठरूनच गेली होती.

अशा क्लबाला त्या वर्षी कॅप्टन मिळाले डग्लस ऑल्डरसन. लढाईबिढाईशी संबंध नाही, क्लबाचा कॅप्टन दर एप्रिलला नवा निवडतात, वर्षभर मिरवतो आणि उतरतो. ऑल्डरसनांनी सगळी हयात न्हाणीघराच्या फरश्या विकण्यात घालवली होती. फरशीवर कधीही पाय ठेवा, धुतली की चकचकीत. गवतानेही तसंच वागावं एवढीच त्यांची अपेक्षा होती. शिवाय डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं डावं पाऊल बाहेरच्या बाजूला पडायचं, त्यामुळे ते सरळ चालत असले तरी अर्धे कुठेतरी वेगळीकडे निघाल्यासारखे दिसायचे.

जानेवारीतल्या त्या सोमवारी सगळं मैदान पांढरंफटक पडलं. दव पडलं आणि पडल्या जागी गोठलं. क्लेमने नेहमीचं केलं. दाराशी बोर्ड लावला, "दव गोठलंय. ग्रीन बंद." खळ्यांतली निशाणं उपटली आणि अलीकडच्या साध्या गवतात कामचलाऊ खळ्या पाडून तिथे रोवली. खेळा बाबांनो, पण इथे खेळा.

कॅप्टनसाहेब बोर्डासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"गिटिन्स, हे काय?"

"दव गोठलंय, कॅप्टनसाहेब."

"ते दिसतंय मला. डोळे आहेत मला."

ज्यांना आहेत त्यांच्यासाठी बोर्ड लावावा लागत नाही, असं क्लेमच्या जिभेवर आलं. ते त्याने गिळलं. इतकी वर्षं गिळून गिळून त्याला त्याची चव लागली होती.

"या महिन्यात ग्रीन बंद असायचा हा नववा दिवस," कॅप्टनसाहेब म्हणाले. "गवत आहे ते, चिनी मातीची बशी नाही. पाय पडला म्हणून फुटायला!"

"आज बशीच आहे, साहेब. पात्याच्या आत बर्फ आहे. वर पाय पडला की पातं आतून फुटतं. आज काही दिसणार नाही, ऊन आलं की हिरवंगार. पण तीन-चार दिवसांनी तेवढं पाऊल काळं पडतं, आणि मग एप्रिलपर्यंत भरत नाही."

"वा! म्हणजे खून आज आणि प्रेत शुक्रवारी." कॅप्टनसाहेब स्वतःच्याच विनोदावर हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "शनिवारी कमिटी आहे. मी ठराव आणतोय. एक कंपनी आहे. आठवड्यातून दोनदा दोन माणसं यंत्र घेऊन येतील, कापतील, जातील. त्यांना थंडी वाजत नाही. मार्चअखेर तुम्ही मोकळे, गिटिन्स. आराम करा. बागकाम वगैरे करा."

एकतीस वर्षं मैदान राखलेल्या माणसाला बागकाम करा म्हणून सांगणारा पहिलाच भेटला होता.

सातव्या खळीमागचं घर क्लबाचं होतं. नोकरी तिथवर घर. क्लेमची बायको नेस्टा क्लबाचं स्वयंपाकघर सांभाळायची, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बारचं सगळं ऐकू यायचं, त्यामुळे कमिटीत काय ठरणार ते कमिटीच्या आधी तिला ठाऊक असायचं.

"सातातले चार त्याच्याकडे आहेत," ती बटाटे सोलता सोलता म्हणाली. "तो स्वतः आणि त्याच्या विनोदावर हसणारे तिघे. मिस लेथम काठावर. गुरांचे डॉक्टर प्रीस तुझ्या बाजूने, पण ते सभेत झोपतात. सातवा फ्लोरिडात ऊन खातोय. आता तू काही बोलणार आहेस, की टोपीच धरणार आहेस?"

"काय बोलू?"

"तेच तर. एकतीस वर्षांत तुला कुणी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. छान जमलं तुमचं."

मंगळवारी थंडी आणखी वाढली. बोर्ड तसाच. दुपारी नेस्टा पत्र्याच्या शेडमध्ये आली तेव्हा क्लेम यंत्राच्या पात्यांना धार लावत होता. हातातलं कांद्याचं सूप तिने बाकावर असं आदळलं की अर्धं बाकानेच प्यायलं.

"ऐक. तुझा कॅप्टन आज सकाळी आठ वाजता अठराव्या ग्रीनवर खेळून आला. एकटाच. आता बारमध्ये छाती काढून सांगतोय. वीस फुटांवरून एका टोल्यात चेंडू खळीत! म्हणतो, चढलो, एक टोला मारला, चेंडू उचलला, उतरलो, गवताला काय झालं ते जाऊन बघा. सगळे गेले बघायला."

"मग?"

"मग काय, हिरवंगार! ऊन आलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या लेथमबाईंनी वहीत टिपूनसुद्धा घेतलं, मंगळवार, आठ वाजता, एक टोला, नुकसान काही नाही. शनिवारी वाचायला."

क्लेमने धार लावणं थांबवलं. "कुठल्या बाजूने चढला?"

"आं?"

"किती वेळ उभा होता? फिरला असेल का गं सगळीकडे?"

"अरे देवा! इथे डोक्यावरचं छप्पर चाललंय, आणि याला पायाखालच्या गवताची चिंता!"

पण क्लेमला खरंच तीच चिंता होती. तो संध्याकाळी ग्रीनच्या कडेला जाऊन उभा राहिला. आत पाऊल टाकलं नाही. तापाने फणफणणाऱ्या पोराच्या अंगावर वरून काही दिसत नसलं तरी आईला कळतं, तसं त्याला ते गवत आत कुठे कुठे फुटलंय हे कळत होतं, फक्त बोट ठेवता येत नव्हतं.

बुधवारी पाऊस आला, दव वितळलं, बोर्ड निघाला. निशाणं परत ग्रीनवर गेली, पण पावसाने माती इतकी मऊ झाली होती की दोन दिवस खळ्या जुन्याच जागी राहिल्या. गुरुवारी कॅप्टनसाहेबांनी भेटेल त्याला सांगितलं की गोठलेलं दव ही माळ्यांनी कामचुकारपणासाठी शोधून काढलेली गोष्ट आहे. जगात थंडीसुद्धा आळशी लोकांनीच आणली असणार.

शुक्रवारी उजाडताना क्लेम काठी घेऊन अठराव्यावर आला आणि पहिल्याच फटक्याला थांबला.

ग्रीनवर पावलं उमटली होती. चहाच्या चोथ्यासारखी काळपट, स्वच्छ, टाचेसकट. गाड्या लावतात त्या बाजूने चढलेली, उजवं सरळ, डावं बाहेर. पुढे दोन पावलं शेजारी शेजारी, टोला मारायला उभं राहिलेल्या माणसाची. ती एक जोडी. मग पुढे दुसरी जोडी. मग खळीच्या पलीकडे तिसरी, म्हणजे चेंडू पुढे निघून गेला होता. मग परत अलीकडे चौथी. आणि मध्ये एक गोल, बशीएवढा डाग, ज्याला टाच नव्हती की बोटं नव्हती. क्लेम त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याला कळलं. गुडघा. साहेबांनी खाली बसून चेंडूची वाट नीट न्याहाळली होती.

दुसरा कुणी असता तर नाचला असता. क्लेमचा जीव कळवळला. तो तडक शेडमध्ये गेला, खळी पाडायचं गोल पात्याचं अवजार आणि फळी उचलली. शेडमागे राखून ठेवलेल्या वाफ्यातून चांगल्या गवताचे गोल तुकडे काढून बादली भरली. कुणी यायच्या आत जखमा बुजवायच्या, बस. ग्रीनकडे निघाला तर वाटेत नेस्टा. एका हातात त्याचा पाव आणि डुकराच्या मांसाचे तळलेले काप, दुसरा हात कमरेवर.

"ती बादली कुठे?"

"अठराव्यावर. नेस्टा, तू बघितलं नाहीस, फार वाईट झालंय..."

"बघितलं. खिडकीतून बघितलं, चुलीवरचे काप करपले तेवढ्यात. आणि तू आता ते बुजवणार. म्हणजे उद्या दहा वाजता सगळं साफ, त्याचा एक टोला वहीत, आणि आपण मार्चमध्ये रस्त्यावर. ठेव ती बादली खाली."

"उद्या लोक खेळतील त्याच्यावर. बघतील."

"बघू देत! त्यासाठीच तर म्हणते."

"माझ्या ग्रीनवर असलं काही कुणी बघितलं नाही आजवर." त्याने बादलीची कडी सोडली नाही. "एकतीस वर्षांत नाही."

मग तिने पाव त्याच्या हातात दिला आणि बादली स्वतः उचलली. "एक दिवस, क्लेम. उद्या दुपारी तू हवं तर सगळं ग्रीन कुशीत घेऊन बस. फक्त एक दिवस दम धर."

त्याने धरला. दिवसभर त्या बाजूला फिरकला नाही. रोज बदलायची खळीही बदलली नाही, मंगळवारची मंगळवारच्याच जागी राहू दिली, आणि हे त्याला पावलांपेक्षा जड गेलं. तीन सभासदांनी येऊन सांगितलं की अठराव्यावर काहीतरी रोग पडलाय आणि खळी बदललेली नाही, क्लेम, तुझं लक्ष उडालंय हल्ली. टोपी हातात, मान खाली. "हो साहेब."

शनिवारी दहाला कमिटी जमली. कॅप्टनसाहेबांची नजर खिडकीबाहेर गेली आणि चेहरा असा उजळला जणू नाताळ परत आला.

"हा घ्या पुरावा!" ते म्हणाले. "हे बघा आपल्या जुन्या माणसाची राखण! रोग पडलाय आपल्या सगळ्यात चांगल्या ग्रीनवर! चला, सगळे चला, प्रत्यक्ष बघूनच मत द्या. गिटिन्सलाही बोलवा."

कुणी सांगितलं नव्हतं, मागितलं नव्हतं, स्वतःच्या पायांनी कमिटीचे पाच आणि क्लेम असे सहा जण घेऊन निघाले, आणि तेही त्याच गाड्यांच्या बाजूने.

ग्रीनच्या कडेला सगळे अर्धवर्तुळात उभे राहिले. नेस्टा चहाची किटली घेऊन मागे. इतक्या थंडीत कमिटीला चहा लागेल ही तिची काळजी.

"बुरशी," कॅप्टनसाहेब काठी रोखून म्हणाले. "नाहीतर यंत्रातून तेल सांडलंय. दोन्हीत हयगयच."

गुरांचे डॉक्टर प्रीस आज जागे होते. त्यांनी चष्मा पुसला, वाकले, पुन्हा पुसला. चाळीस वर्षं त्यांनी चिखलातल्या खुरांवरून लंगड्या गायी ओळखल्या होत्या.

"डग्लस, बुरशी बूट घालत नाही सहसा. ही घालते. दहा नंबरचे."

कुणीतरी खोकलं. क्लेमने खिशातून चेंडू ठेवायच्या लाल लाकडी खुंट्या काढल्या, फळी टाकली, तिच्यावरून चालत आत गेला आणि पावलांच्या प्रत्येक जोडीपुढे एक खुंटी रोवली. पहिली. दुसरी. खळीपलीकडची तिसरी. अलीकडची चौथी. मग वाकला, आणि खळीपासून हातभर अंतरावर, कालपर्यंत त्यालाही नीट दिसली नव्हती अशी पाचवी. पाच लाल खुंट्या एका खळीभोवती, जणू वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या.

हे लोक गवताला मुकले असते तरी त्यांना झोप लागली असती. पण टोले मोजायला ते जन्माला आले होते. सगळ्यांचे ओठ हलले, आणि सगळ्यांचं उत्तर एकच आलं.

"पाच," मिस लेथम म्हणाल्या. त्यांनी वही उघडली. "मंगळवार, आठ वाजता. एक टोला, वीस फुटांवरून. कॅप्टन, तुम्हीच सांगितलं होतं."

"ही माझी पावलं नाहीत!"

"बरं," प्रीस म्हणाले. "मग चार पावलं चालून दाखव त्या ओल्या गवतावर, की मिटलं."

कॅप्टनसाहेब जागचे हलले नाहीत. डावं पाऊल आपण होऊन बाहेर वळलेलं होतं, ते त्यांनी हळूच आत घेतलं. सहा जणांनी ते बघितलं आणि सहा जणांनी आकाशाकडे बघितलं.

"आणि हे काय?" हसणाऱ्या तिघांपैकी एकाने गोल डागाकडे बोट केलं.

"गुडघा," क्लेम म्हणाला. त्या दिवसातला त्याचा हा पहिला शब्द.

"गुडघे टेकून पाच?" बोट करणारा म्हणाला, आणि या वेळी तो कॅप्टनसाहेबांच्या विनोदाशिवाय हसला.

आता साहेबांना एक वाट मोकळी होती. पावलं माझी नाहीत, ठराव मतदानाला टाका, एवढं म्हणून आत जायचं. सिद्ध कोण करणार होतं? तिघे मनातून नाही तरी हाताने त्यांचेच होते. पण पाच हा आकडा त्यांच्या कानात माशीसारखा घोंगावत होता, आणि त्या पाच खुंट्यांसमोर त्यांना उभं राहवेना.

"तिसरा धरायचा नाही!" ते ओरडले. "तिसरा सराव होता! आणि चौथ्याच्या वेळी बोटं बधिर झाली होती, तो टोलाच नव्हता! धरायचेच तर तीन धरा!"

नेस्टाने किटली खाली ठेवली.

"लिहिते," मिस लेथम म्हणाल्या, आणि लिहू लागल्या. "कॅप्टन मंगळवारी बंद ग्रीनवर खेळले. टोले पाच, त्यांच्या मते तीन. नुकसान..." त्यांनी मान वर केली. "गिटिन्स, नुकसान किती?"

इतक्या वर्षांत गवताबद्दल त्याला हा पहिला प्रश्न. त्याला टोपी काढायचंही सुचलं नाही.

"चव्वेचाळीस पावलं आणि एक गुडघा, बाईसाहेब."

ठराव कॅप्टनसाहेबांनी आत जाऊन स्वतःच मागे घेतला. तसं हसणाऱ्या तिघांनी चहा पिता पिता त्यांना सुचवलं. गवताचा नाश केला, लोकांना खोटं सांगितलं, एका माणसाचं घर घालवायला निघाले, यातलं काही तिघांना फारसं लागलं नव्हतं. पण पाचाचा एक सांगणारा माणूस उद्या स्पर्धेत आपल्याबरोबर खेळणार, हे कुणाला झेपेना. क्लेमच्या एकतीस वर्षांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मिस लेथमनी बाहेर येऊन एवढंच सांगितलं की तुम्ही चालू ठेवा.

मागून तिघे आले. चेहरे पोरांसारखे फुललेले.

"क्लेम, एक काम कर. हे तू बुजवू नकोस. महिनाअखेरीस जेवण आहे, सगळे सभासद येतील. खुंट्यांसकट राहू दे तसंच. बघू दे सगळ्यांना."

"नाही," क्लेम म्हणाला.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. खुर्चीने उत्तर दिलं असतं तरी त्यांना एवढा धक्का बसला नसता.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे बुजवणार. आत्ता." आणि त्याने टोपी घातली.

दुपारभर तो फळीवर बसून एक एक काळं पाऊल गोल कापून काढत होता आणि वाफ्यातला हिरवा तुकडा बसवत होता. नेस्टा कडेला बादली घेऊन.

"गुडघा तरी ठेव रे. एवढासा. माझ्यासाठी. खिडकीतून बघायला."

"नाही."

"आज जीभ फुटली तर घरच्यांवरच चालली," ती म्हणाली, पण तुकडा तिने निवडून चांगला दिला.

कॅप्टनसाहेब गाडीकडे जाता जाता थांबले. ग्रीनच्या कडेपासून चांगले हातभर लांब. पायाखाली बघून थांबले होते.

"हे भरून यायला किती दिवस लागतील, गिटिन्स?"

"एप्रिल उजाडेल, साहेब."

"एप्रिलमध्ये माझी मुदत संपते."

"हो," क्लेम म्हणाला. "गवताला ठाऊक आहे ते."

साहेब आणखी काही बोलणार होते, पण नेस्टाने किटली दाखवून विचारलं, "चहा देऊ का? एक कप, की तुमच्या मते किती?" मग ते गाडीत बसले.

शेवटचा राहिला तो गोल डाग. क्लेमने फळी सरकवली, तो कापून काढला, नवा तुकडा बसवला आणि वरून दाबायला गुडघा टेकला. बरोबर त्याच जागी. फक्त खाली फळी होती.